मराजाची शेवटची कांडी

उबेराबाच्या मुलखात गुरं पाळणाऱ्यांच्या घरी जन्मलेल्या मुलीला वारशात काय मिळतं, ते जुरेमाला विचारावं. तिला बापाचं नाक मिळालं आणि बापाचा हट्ट. गुरं, कुरण, गोठा, सगळं धाकट्या भावाच्या, निवाल्दोच्या नावावर गेलं. "गुरं मुलाच्याच हाती शोभतात," असं म्हातारा ओतासिलियो म्हणायचा. म्हणायचा तेही लेकीच्या घरी, तिच्या हातचा घेवडा-भात चापताना. सून धड वाढत नव्हती म्हणून तो इथे राहायला आला होता, पण त्याबद्दल बोलायचं नसे.

जुरेमा गुरांच्या गर्भांच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली आणि शिकत शिकत सूक्ष्मदर्शकापाशी पोचली. केसाहून बारीक सुईने गाईच्या बीजांडात एकच शुक्राणू सोडायचा, हे तिचं काम. गाईचं बीजांड मोठं आळशी. सुईने शुक्राणू आत टाकला तरी ते बहुतेकदा झोपूनच राहतं, म्हणून त्याला औषधात बुडवून जागं करावं लागतं. खरी गोम इथेच आहे. औषध इतकं जालीम, की आत शुक्राणू नसला तरी बीजांड जागं होतं आणि दोनाचे चार, चाराचे आठ करत सुटतं. दिसायला हुबेहूब गर्भ, आत बापाचा पत्ता नाही. असला गर्भ गाईच्या पोटात टिकत नाही. म्हणून शेजारी एक 'रिकामी बशी' ठेवायची पद्धत होती. तिच्यातल्या बीजांडांना शुक्राणू न देता नुसतंच जागं करायचं. तीही फुगली, तर पहिल्या बशीवर भरवसा ठेवायचा नाही.

मराजा हा ओतासिलियोचा गीर वळू. त्याला साप चावला, तेव्हा म्हातारा बायको गेली त्यापेक्षा जास्त रडला होता. त्याच्या गोठवलेल्या रेताच्या कांड्या निवाल्दोने एकेक करून विकल्या. एक उरली. ती द्रवरूप नायट्रोजनच्या नळकांड्यात, निवाल्दोच्या कोठीत, संत सेबास्तियांवच्या तसबिरीखाली होती. प्रयोगशाळेत ठेवू म्हटलं तर म्हातारा ऐकेना. संताच्या नजरेखालीच ती सुखरूप, असं त्याचं मत. आटलेला नायट्रोजन पुन्हा भरायचं काम तेवढं संताचं नव्हतं, निवाल्दोचं होतं.

एका दुपारी जेवता जेवता म्हातारा म्हणाला, "पोरी, ती कांडी तू वापर. वासरू होईल ते तुझं."

"माझं?"

"तुझंच. नोंदही तुझ्या नावाने करू."

पन्नाशीतल्या जुरेमाने बापाच्या तोंडून 'तुझं' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. ती उठून मोरीत गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवत बसली. एक वासरू, त्याच्या कानातल्या बिल्ल्यावर तिचं नाव. तिला आणखी काही नको होतं.

कांडी वितळवून तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एकही शेपूट हलेना. तिने निवाल्दोला फोन लावला.

"नळकांडं कोरडं पडलं होतं का रे?"

"एकदा जरा उशीर झाला, ताई. लगेच भरलं की मी! बाबांना बोलू नकोस हं, माझी सालटी काढतील."

ती बोलली नाही. निश्चल शुक्राणूनेही कधी कधी काम होतं, या आशेवर तिने शेजारच्या चांगल्या गीर गाईच्या बीजांडांत ते सोडले, बीजांडं औषधात जागी केली, आणि शेजारी रिकामी बशी ठेवली.

गर्भ बघायच्या दिवशी म्हातारा ठेवणीतली हॅट घालून, चीजच्या पावांची पिशवी घेऊन प्रयोगशाळेत आला. निवाल्दो गाडी घेऊन आला होता. प्रयोगशाळेच्या डॉक्टर लुसिमाराने पडद्यावर तीन गोल, टपोरे गर्भ दाखवले. म्हाताऱ्याने हॅट काढली.

"मराजाचे लांब कान येतील बघ यांना," तो म्हणाला. मग वळून, "निवाल्दो, पाण्याजवळचं आवार मोकळं कर. वासरू तिथे ठेवू."

"बाबा," जुरेमा म्हणाली, "वासरू माझं म्हणाला होतात."

"अगं, तुझं म्हणजे तुझ्या हातचं. तुला कुठे गोठा आहे? फ्रीजमध्ये ठेवशील का वासरू?"

निवाल्दो खो खो हसला. डॉक्टरने जुरेमाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "रिकामी बशीही तेवढीच फुगलीय. हे तिन्ही पोकळ असणार. त्यांना सांगायला हवं."

"मी सांगते," जुरेमा म्हणाली. ती बापापर्यंत गेली. तो मुलाच्या खांद्यावर हात टाकून वासराचं नाव ठरवत होता. तिचा जीव नुसता जळला. परत येऊन ती डॉक्टरला म्हणाली, "सांगितलं. तरी घालायचेच म्हणतात."

तिन्ही गर्भ निवाल्दोच्या गाईंमध्ये गेले. म्हातारा रोज कुरणात जाऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचा, कुत्र्यांना हाकलायचा, घरी येऊन लेकीला मराजाच्या गोष्टी सांगायचा. जुरेमा ऐकायची आणि वाढायची. पुढे एकेक करून तिन्ही गाई उलटल्या, पुन्हा माजावर आल्या. एकीनेही गाभ धरला नव्हता.

त्या दुपारी म्हातारा ताटावर बसला, पण जेवेना.

"जुरेमा, खरं सांग. वासरू तुझं ठेवलं असतं, तर राहिलं असतं ना?"

तिने डाव पातेल्यात ठेवला. "बाबा, कांडीच मेलेली होती. निवाल्दोने नळकांडं कोरडं पडू दिलं होतं."

"कधी कळलं तुला हे?"

"कांडी वितळवली तेव्हा."

"आणि मी पडद्यासमोर हॅट काढून उभा होतो, तेव्हा?"

जुरेमाने डाव उचलला आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

"आता भावावर ढकल," म्हातारा म्हणाला. त्याने ताट सरकवलं आणि खुंटीवरची हॅट घेतली. "निवाल्दोला फोन लाव. न्यायला ये म्हणावं."

जुरेमाने हात पुसले आणि फोन लावला.