काकांचं चिनी

माझ्या थोरल्या काकांइतका हट्टी विद्यार्थी अख्ख्या मालवण तालुक्यात झाला नसेल, आणि इतका बेसूरही. सत्तरी उलटल्यावर माणसं गुडघ्यांना तेल लावत बसतात. काकांनी चिनी शिकायला घेतलं. कारण त्यांची एकुलती नात. मुलगा चीनमध्ये नोकरीला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, आणि लेकीला मराठीचा एक शब्द शिकवायची तसदी घेतली नाही. "तिला इथे त्याचा काय उपयोग?" असं फोनवर म्हणाला. काकांनी ते निमूट ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मोबाइलमधल्या बाईमागोमाग चिनी शब्द म्हणायला लागले. "चेडवाक मराठी येणा नाय, तर मी चिनी शिकतंय," एवढंच बोलले.

अडचण अशी, की काका गावचं गाऱ्हाणं घालणारे. देवापुढे नारळ ठेवून साऱ्या गावासाठी मागणं मागायचं आणि लोकांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, यात त्यांची हयात गेलेली. त्यामुळे कुठलाही शब्द त्यांच्या तोंडून गाऱ्हाण्याच्या चालीतच बाहेर पडे. चिनीत म्हणे सूर बदलला की अर्थ बदलतो. काका ओटीवर बसून भात, पाणी, ये, बस हे सगळं चिनीतून देवाला साकडं घातल्यासारखं आळवत, आणि रस्त्याने जाणारा कुणीही टवाळ "व्हय म्हाराजा!" म्हणून पुढे जाई. मोबाइलमधली बाई मात्र दर वेळी 'पुन्हा म्हणा' असं बजावी. "म्हणतंय गो बाय," म्हणत काका पुन्हा म्हणत. तोंडवलीला मासे घ्यायला गेले तेव्हा, चिनीत माशाला यू म्हणतात म्हणून, "यू केवढ्याक गो?" असं विचारून बसले. मासेवाली म्हणाली, "काकानू, हे बांगडे आसत. घेवचे तर घेवा, नायतर गिऱ्हायकांक वाट देवा."

यंदा मुलगा सुट्टीला आला. कुठे, तर गोव्याला! घरी यायला वेळ नव्हता. गोव्याच्या हद्दीजवळ बांद्यापर्यंत या, तिथे भेटू, असा निरोप. मला इतका संताप आला की मी काकांना जाऊ नका म्हणालो. ते इस्त्रीचा सदरा घालून तयारच होते. मग मीही निघालो. बांद्याला हायवेवर मुलाची गाडी येऊन थांबली. सून हॉटेलातच राहिली होती. नात उतरली, आणि काकांनी वाकून, गाऱ्हाण्याची चाल पार विसरून, हळूच विचारलं, "छी फान ला मा?" म्हणजे, जेवलीस का?

पोरगी चकित झाली. मग बोलायलाच लागली. काकांचा हात धरून, एकदा आम्ही आलो त्या रस्त्याकडे, एकदा बापाकडे बोट दाखवत कितीतरी बोलली. काकांना प्रश्न येत होता. उत्तर समजण्याइतकं शिक्षण अजून झालं नव्हतं. "काय म्हणता रे ता?" त्यांनी मुलाला विचारलं. त्याचा चेहरा उतरला. "काही नाही, बाबा. असंच. उशीर होतोय आम्हाला," म्हणाला, आणि तिला गाडीत बसवून निघून गेला.

त्यानंतर मोबाइलमधली बाई गप्प आहे. परवा मी विचारलं, "काकानू, चिनी सोडलात? आता खंय जमाक लागला हुता."

काकांनी मोबाइल उपडा ठेवला. मग म्हणाले, "तेचा बोलणा अजून कानात आसा माज्या. आणखी शिकलंय रे, तर त्या दिवशी ता काय बोलला, ता कळात माका."