माणिककाकूंचा राजीनामा

एअर फोर्सची नोकरी संपली, तरी नरहरकाका आणि माणिककाकू उत्तरेतलं बख्शी का तालाब गाव सोडून कऱ्हाडला परतले नाहीत. काका म्हणतात, इथली हवा मानवली. खरं कारण म्हणजे काकूंचा समूह. आसपासच्या गावांतल्या बायका वादळात गळलेल्या कैऱ्या गोळा करतात, सोलून, चिरून वाळवतात. इथे त्या फोडींना खटाई म्हणतात. दळली की आपला आमचूर. पूर्वी व्यापारी ती मातीमोलाने उचलायचे. काकूंनी बायकांना एकत्र केलं आणि नफा त्यांचाच, असा नियम घातला.

बाई प्रेमळ, पण तापट. फोडणीतल्या मोहरीसारख्या कधी तडतडतील, सांगता येत नाही.

गेल्या वर्षी आलमबागच्या एका नमकीन कंपनीने भागीदारीची तयारी दाखवली. वर्षभर खटाई घेणार, पाकिटावर समूहाचं नाव छापणार. सगळं जुळत आलं आणि मालक आशिष रस्तोगी फोनवर बोलून गेले, "खटाई ज़रा और सफ़ेद हो जाए तो?"

"सफेद चाहिए तो खडू लो!" काकू कडाडल्या. खडूला हिंदीत काय म्हणतात ते त्यांना आठवलं नाही, पण सूर बरोबर पोचला. बोलणीच थांबली.

चार दिवसांनी कंपनीचा माणूस निरोप घेऊन आला. "साहब कह रहे हैं, पहले दीदी का राजीनामा हो जाए, फिर साझेदारी।"

काकू या वेळी कडाडल्या नाहीत, राजीनामा द्यायचं ठरवून बसल्या. मी त्यांची शेजारीण, मराठीच. राजीनामा देऊ नका म्हणून काकांनी आणि मी परोपरीने समजावलं.

"माझ्या जिभेपायी बायकांच्या तोंडचा घास कशाला जायचा?" एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कैऱ्या चिरत बसलेल्या बायकांसमोर त्या उभ्या राहिल्या. "मैं राजीनामा दे रही हूँ।"

बायकांनी टाळ्या वाजवल्या! पहिल्या दिवसापासून काकूंच्या सोबत असलेल्या रामदुलारीने तर गूळ वाटला. काकू तो हसत हसत घेऊन घरी आल्या आणि ओट्याशी उभ्या राहून रडल्या. मला त्या बायकांचा इतका राग आला, की रामदुलारी समोर आली तर मी तोंड फिरवलं.

करारावर सह्या करायला काकू, रामदुलारी आणि मी आलमबागला गेलो.

"सही रामदुलारी करेगी," काकू म्हणाल्या. "मैं तो राजीनामा देके जा रही हूँ।"

"राजीनामा हो गया, तो जाना कहाँ?" रस्तोगी गोंधळले. "दीदी, हमने तो सुलह माँगी थी!"

तेव्हा कुठे उलगडा झाला. इथे राजीनामा म्हणजे भांडण मिटवून राजी होणं. काम सोडतात तो इस्तीफा. काका, काकू आणि मी, आम्हा तिघा मराठी माणसांना शंकासुद्धा आली नव्हती.

काकू खरंच काम सोडून निघाल्या होत्या, हे रामदुलारीला समजायला क्षण लागला. मग तिने पेन रस्तोगींपुढे सरकवलं. "दीदी जाएँगी तो खटाई भी जाएगी, साहब।" आणि काकूंकडे वळून रडवेल्या आवाजात म्हणाली, "हम तो समझे आपने गुस्सा थूक दिया, तभी ताली बजाई।"

काकू तिच्या गळ्यात पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्तोगींनी रंगाचा विषय पुन्हा काढला नाही. सही काकूंनीच केली.

काकूंचा तापटपणा काही गेलेला नाही. मात्र आता त्या कडाडल्या की अंगणातून कुणीतरी हात जोडून म्हणतं, "राजीनामा दे दो, दीदी!"

आणि काकू देतात.