वरचं बटण

माझी भाची एका जागी शांत पडलेली मी फक्त झोपेत पाहिली आहे, आणि तेव्हाही तिचा एक पाय पांघरुणाबाहेर हलत असतो. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. पाय एक वेळ थकतील, पण तोंडाचा पट्टा थकत नाही, आणि विषय कायम एकच: कोणी काय घातलं.

"आत्या, त्या नव्या गायिकेचा कोट बघितलास? आत अजून दोन माणसं मावतील. भाड्यानं द्यायला हवा तिनं."

"आत्या, बायकांच्या पँटला खोटे खिसे का शिवतात? आमच्याकडे ठेवायला काही नसतं असं वाटतं का यांना?"

"आत्या, मालिकेत वाईट बाई आली की तिचे खांदे टोकदार. चांगल्या बाईला खांदे नसतातच का गं?"

उत्तराची तिला गरज नसते. मी 'हं' म्हणेपर्यंत ती पुढच्या माणसाच्या बुटांवर पोचलेली असते.

मी मालिकांच्या एका स्टुडिओत कपडे विभागात इस्त्री करते. भिंगरीला तिथं मीच चिकटवली. त्याआधी तिनं चपलांचं दुकान सोडलं, मग पार्लर सोडलं, आणि कपड्यांच्या दुकानातून तर तिला काढूनच टाकलं, कारण "बाई, या रंगात तुम्ही आजारी दिसता" असं तिनं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलं. खरं होतं म्हणे ते. खरं असेना का, गिऱ्हाईक गेलं ना!

तिची आई, म्हणजे माझी वहिनी, मोज्यांच्या कारखान्यात आहे. समोर आलेल्या ढिगातून सारखे दोन मोजे शोधायचे, जोडी लावायची, पाकिटात घालायची, की पुढची जोडी. माझा भाऊ मालट्रक चालवतो, तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. त्यामुळे पोरीची काळजी वहिनीच्या एकटीच्या गळ्यात. तिनं सरळ बजावलं होतं, "आता मिळेल ती नोकरी टिकव. नाही टिकली तर माझ्या शेजारी बसून मोजे जोडायचे. मग कुरकुर ऐकून घेणार नाही."

"सारखेच दोन शोधायचे? दिवसभर?" भिंगरी माझ्या खोलीत येऊन म्हणाली. मी तिच्या घराच्याच पुढच्या खोलीत राहते, त्यामुळे तिचं सगळं माझ्याकडेच येऊन आदळतं. "आत्या, मी वेडी होईन. खरंच होईन." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नेहमीची थट्टा नव्हती ती. म्हणून मी आमच्या मॅडमकडे शब्द टाकला. कपडे विभाग त्यांच्या ताब्यात. त्या म्हणाल्या, "तीन महिने बघू. मग ठरवू."

आता गंमत ऐका. सारखेपणाला कंटाळून जी पोरगी आली, तिच्या हातात पडलं सारखेपणाचंच काम. मालिकेतला प्रसंग सलग चित्रित होत नाही. नायिका दार उघडते ती आज, आणि दाराबाहेर पाय ठेवते ती चार दिवसांनी, दुसऱ्याच इमारतीत. पडद्यावर मात्र ते एकच पाऊल दिसायला हवं. म्हणून आज कपडे उतरवायच्या आधी फोटो काढायचा: कॉलर कशी होती, घड्याळ कुठल्या हातात, बाही कुठवर. तो फोटो हँगरला लावायचा आणि चार दिवसांनी तिला हुबेहूब तसंच उभं करायचं. याला सगळे कंटिन्युइटी म्हणतात. फोटो भिंगरीनं काढायचे आणि जुळवायचेही तिनंच.

सुरुवातीला मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर नजर ठेवली. पण पोरगी रमली. हाक न मारता उठायला लागली. पहिल्याच आठवड्यात माझ्या इस्त्रीचा तिला अंगठ्याच्या मुळाशी चटका बसला, तरी पाण्याखाली हात धरून बडबड चालूच. "आत्या, नायिका गरीब दाखवायची म्हणून कपडे फिके. बरं. पण इस्त्री एवढी कडक? घरात खायला नाही आणि हिच्या कपड्यांना इस्त्री करतं कोण?"

"मी करते," मी म्हटलं.

"हो ना! मग तुला दाखवा की एकदा मागे!"

तीन महिने संपत आले होते आणि मी मनातल्या मनात निश्चिंत झाले होते. तिथंच चुकलं.

प्रसंग असा होता. नायिका साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन राजीनामा त्याच्या टेबलावर आपटते आणि निघून जाते. आतलं सगळं आधी झालं. अंगात निळा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, बाह्या मनगटावर. चार दिवसांनी बाहेरच्या जिन्यावर चित्रण होतं. हँगरला फोटो होता. भिंगरीनं तो पाहिला आणि तिचे हात शिवशिवायला लागले. हे तिनं मला नंतर सांगितलं. "आत्या, एवढी भडकलेली बाई गळा आवळलेल्या बटणात जिना उतरेल का? राग आला की माणसाचा हात आधी गळ्याशी जातो. मला बघवेना गं." तिनं नायिकेचं वरचं बटण उघडलं, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. नायिकेला आरशात ते आवडलं. मी त्या दिवशी दुसऱ्या मालिकेच्या कपड्यांत अडकले होते. जिन्यावर घाईत कुणाच्याच लक्षात आलं नाही.

लक्षात आलं संकलकाच्या. केबिनच्या दारातून एक बाई बाहेर पडते आणि दाराच्या पलीकडे दुसरीच बाई जिना उतरते, असं ते दिसत होतं. नायिका तोवर परदेशी सुट्टीवर गेली होती आणि भाग तर दोन दिवसांत दाखवायचा होता. मॅडमनी आकाशपाताळ एक केलं. "हे कुणी केलं?"

नायिकेनं स्वतःच केलं असेल, असं म्हणून पोरगी सुटू शकली असती. कुणी परदेशात फोन करून खातरजमा करणार नव्हतं. मी तिला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण ही पुढं झाली. "मी केलं. आणि मॅडम, ते चांगलंच दिसतंय." पहिलं वाक्य पुरे होतं. दुसरं बोलायला हिला कुणी सांगितलं होतं?

तोडगा दिग्दर्शकानं काढला. दार आणि जिना यांच्यामध्ये नुसत्या हातांचा एक शॉट घालायचा. भिंतीला टेकलेली बाई, चेहरा दिसणार नाही, हात गळ्याशी जातात, वरचं बटण उघडतात, बाह्या दुमडतात. मग जिना. पण हात कुणाचे? मॅडमची बोटं अंगठ्यांनी भरलेली, एक तर निघतच नाही. माझे हात वाफेनं शिजलेले. राहिली भिंगरी. शर्टही तिला नेमका बसला.

दिवे लावले, तिला भिंतीला टेकवलं. तेवढ्यात मॅडम तिच्याजवळ गेल्या आणि हळू पण स्पष्ट म्हणाल्या, "एवढं झालं की कपड्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दे आणि घरी जा. उद्यापासून यायचं नाही." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. सगळं मला ऐकू आलं. आणि लगेच शॉट सुरू. तिची बोटं इतकी थरथरत होती की बटण सापडेना. दोनदा बोटांतून सुटलं. तिसऱ्यांदा उघडलं. डावी बाही तर वाकडीच दुमडली गेली.

"वा!" दिग्दर्शक ओरडला. "काय थरथरले हात! हेच ठेवू." गरम इस्त्री त्याच्या टकलावर ठेवावी असं मला वाटलं.

घरी तिनं काही सांगितलं नाही. मलाही शपथ घातली. रोज सकाळी डबा घेऊन माझ्याबरोबर निघायची, कोपऱ्यावर वेगळी व्हायची आणि दिवसभर दुकानांच्या काचांसमोरून भटकत राहायची. फोनवर मला तिचे निरोप यायचे, एकामागून एक, चालता चालता बोललेले. "आत्या, इथल्या पुतळीला कोट उलटा घातलाय. सांगायला आत गेले तर हाकलून दिलं." मग, "आत्या, फाटकी जीन्स शिवलेल्या जीन्सपेक्षा महाग आहे. म्हणजे आई शिवते तेव्हा किंमत कमी करते का?" मग थोड्या वेळानं, नुसत्या रहदारीच्या आवाजात, "आत्या, मॅडम माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?"

मॅडम काही म्हणत नव्हत्या. मी इस्त्री फिरवायचे आणि मूग गिळून बसायचे. शब्द मी टाकला होता, मॅडमपुढं मान माझीही खाली होती. पण खरं सांगते, मला मॅडमचा रागच आला होता. काढायचं तर काढा, पण शॉटच्या आधी?

तो भाग लागला त्या संध्याकाळी आम्ही तिघी टीव्हीसमोर होतो. वहिनी मालिका बघते ती पोरीच्या कामासाठी. गोष्ट तिला कळत नाही आणि कळून घ्यायचीही नसते. नायिकेनं राजीनामा आपटला, दार ढकललं. पडद्यावर हात आले. गळ्याशी गेले. बटण सुटलं, परत सुटलं.

वहिनी भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. आयुष्यभर मोज्यांच्या जोड्या लावलेली बाई ती. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या पोरीच्या मांडीवरच्या हातांकडे, मग पुन्हा पडद्याकडे. अंगठ्याच्या मुळाशी चटक्याचा डाग दोन्हीकडे होता.

"हे तुझे हात आहेत," ती म्हणाली.

"हो," भिंगरी म्हणाली. "नायिका नव्हती ना, म्हणून..."

"थरथरतायत का असे? कोण ओरडलं तुला?"

 पोरगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मग सगळं बाहेर आलं: बटण, किल्ली, डबा, दुकानांच्या काचा. मला वाटलं, वहिनी आता आम्हा दोघींना फाडून खाणार. ती एवढंच म्हणाली, "एवढे दिवस उन्हात फिरत होतीस?"

पुढच्या आठवड्यात भिंगरी मुकाट्यानं मोज्यांच्या कारखान्यात जायला लागली. मला तिचे निरोप यायचे बंद झाले. माझ्या फोनला एवढी शांतता कधी नव्हती, आणि ती मला सहन होईना. तिकडे तो शॉट लोकांनी डोक्यावर घेतला होता. मालिकेच्या चाहत्यांनी पानंच्या पानं लिहिली, की नायिकेची बोटंसुद्धा अभिनय करतात. ऑफिसला जाणाऱ्या पोरी भिंतीला टेकून बाह्या दुमडतानाचे व्हिडिओ काढत होत्या. कुणीतरी विचारलं, नायिकेच्या अंगठ्याला डाग कसला? लेखकानं लगेच त्या डागाला लहानपणीची एक दुःखद गोष्ट जोडून दिली. माझ्या इस्त्रीची गोष्ट, आणि रडली अख्खी दुनिया!

मी हे सगळं भिंगरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डावी बाही वाकडी दुमडली होती," आणि कूस बदलून झोपली.

एका संध्याकाळी तिचा फोन वाजला. ती न्हायला गेली होती. वहिनीनं उचलला आणि आवाज मोठा केला. मॅडम होत्या. गोड आवाजात म्हणाल्या, नायिका आता पुन्हा ऑफिसात परतते आहे, दारात थांबून बाह्या खाली घेते, बटण लावते. लोकांच्या नजरेत ते हात बसलेत, दुसरे चालणार नाहीत, डागासकट तेच हवेत. "एका दिवसाचं काम आहे. फक्त हात लागतील."

वहिनीनं पदराला हात पुसले. "नुसते हात मिळणार नाहीत," ती म्हणाली. "पोरगी अख्खी घ्या."

 

"अहो, पण तिनं चूक केली होती," मॅडम म्हणाल्या.

"केली. ओरडा मग. पण सगळं झाल्यावर ओरडायचं, सुईदोरा हातात असताना नाही. आणि तोंडही तिच्याबरोबर येईल, त्याला माझा इलाज नाही."

मॅडम म्हणाल्या, "उद्या सातला पाठवा. कायमची. पण मला विचारल्याशिवाय एकाही बटणाला हात लावायचा नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा. मी लहानपणापासून सांगून थकले," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

भिंगरी दारात उभी होती, केसांतून पाणी गळत होतं. सगळं ऐकलं होतं तिनं. "आई," एवढंच म्हणाली.

"बघतेस काय? इकडे बस. हात बघ कसे झालेत मोजे जोडून जोडून." वहिनीनं फळीवरून मलमाची डबी काढली, तिचे हात मांडीवर घेतले आणि एकेका बोटाला मलम चोळायला लागली. डागावरून अंगठा सावकाश फिरवला. दोन्ही हात होईपर्यंत भिंगरी गप्प बसून राहिली. पाय मात्र हलत होता.