सुभेदारांचा खालिद

तास सुरू होण्याआधी सुभेदार घोरपडे मुलांना पोटभर पाणी प्यायला लावत. मग दार बंद. तास संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. "वाळवंटात शिरण्याआधी अरबांच्या सेनापतीनं, खालिदनं, उंटांना असंच पाजलं होतं," ते म्हणत. "त्या वाटेला पाणी नाही, म्हणून शत्रू तिकडे बघतच नव्हता. वेग पायांत नसतो रे, तयारीत असतो."

गोपालपुऱ्यातला तो एनडीएचा क्लास आम्ही दोघांनी उभा केला. साताऱ्याचे सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन जयपुरातच राहिलेले. ते इतिहास शिकवत. मी मुलं आणायचो आणि पाणीवाल्या भैयापासून सगळ्यांशी भांडायचो. जागा मात्र मालकाची, पाटीवर नावही त्याचंच. एक दिवस त्यानं जावयाला प्रमुख केलं. सुभेदारांना हजेरी घ्यायला बसवलं, मला दार दाखवलं.

मी प्रताप नगरात खोली घेतली, अर्धी मुलं फोडली आणि सुभेदारांकडे गेलो. "तुम्ही नुसते उठा. उरलेली मागोमाग येतील."

"खलिफानं खालिदला काढलं तेव्हा सगळी फौज त्याच्या शब्दावर होती, मानेशेठ. तो नव्या सेनापतीच्या हाताखाली लढला."

"हा खलिफा नाही, मालकाचा जावई आहे. खालिद कोण हेसुद्धा त्याला ठाऊक नसेल."

"नव्हतं. काल मीच सांगितलं त्यांना."

'त्यांना' म्हणाले. माझं डोकं सणकलं. त्या पोराटोराला बघून हा माणूस खुर्चीवरून उठत असे.

परीक्षा तोंडावर आली. माझ्याकडे शिक्षक टिकेनात. मी पुन्हा पुन्हा गेलो, चढ्या आवाजात बोललो, शेवटी हात जोडले. ते चहा पाजून परत पाठवत. मग त्यांचं हृदय दगा देऊ लागलं.

दवाखान्यात त्यांनी पहिलं विचारलं, "मुलांचा इतिहास कुठवर आला?"

"शिकवायला आहे कोण?"

"मग परत पाठवा त्यांना. अर्धी फौज वाळवंटात सोडायची नसते."

"तुम्ही बरे व्हा, मग बसून ठरवू."

"भाव करू नका. हुकूम आहे."

त्याच आठवड्यात ते गेले. मी मुलं परत पाठवली. खोली बंद पडली. राग अजून जात नाही. त्या क्लासमध्ये त्यांनी सगळ्यांचे हुकूम मुकाट पाळले. स्वतः दिला तो एकच, आणि तोही मला.