मापमावशींची शीग

तळ्याकाठच्या वस्तीत परदेशातून मदतीचं धान्य येणार असं ठरलं, तेव्हा ते मोजून द्यायला कोण बसणार यावर कुणी फार डोकं खाजवलं नाही. बायकांनी एकमुखाने सांगितलं, "मावशी बसतील." पुरुषांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून त्या मापमावशी झाल्या.

मावशींचा हात सढळ. 'पुरे' म्हणणाऱ्याला वाढायचं थांबावं, हे त्यांना आयुष्यात जमलं नाही. लहान असताना शेजारणीला धान्य देताना त्यांनी मापावरून बोट फिरवून ते सपाट केलं होतं. आईने तिथल्या तिथे हातावर चापट मारली. "घेणारीच्या तोंडावरून बोट फिरवतेस काय गं?" तेव्हापासून मावशींच्या लेखी माप म्हणजे शीग आलीच. काठ भरल्यावर वर धान्याचा जो डोंगर उभा राहतो आणि कडेने दाणे ओघळायला लागतात, ती शीग. ती दिसली की त्यांच्या जिवाला बरं वाटे. देव आपल्याला कुठे फळी फिरवून देतो, असं त्या म्हणत.

धान्य यायचं कारण तळं. मासा आटत चालला होता. अंडी घालायच्या महिन्यांतही जाळी पडत, पोटुशी मासळी बाजारात जाई, आणि पुढे जाळ्यात बोटभर पिल्लांखेरीज काही लागत नसे. मग ती परदेशी संस्था आली. तिचं म्हणणं साधं होतं. अंडी घालायचे महिने जाळी घरात ठेवा, तेवढे महिने तुमच्या चुली विझणार नाहीत इतका मका आम्ही देतो.

सभेत बराच गोंधळ झाला. शेवटी मावशींचे यजमान उठले. साऱ्या होडीवाल्यांत ते वडीलधारे, सगळे त्यांना तात्या म्हणत. ते म्हणाले, "जाळी घरात राहतील. माझा शब्द."

"आणि मका मध्येच संपला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"संपला तर पोरांना उपाशी ठेवा असं मी म्हणणार नाही. मग पहिलं जाळं मीच टाकीन. पण संपणार नाही."

एवढ्या भरवशावर जाळेबंदी सुरू झाली. दर आठवड्याला माणशी एक भरलेला डबा मका, असं संस्थेच्या कार्यालयाने ठरवून दिलं. डबा पत्र्याचा. तो मावशींच्या दिरानेच कापून दिला. पत्र्याचं काम त्यांचं, बादल्यांपासून नळकांड्यांपर्यंत सगळं करत. संस्थेच्या धान्यवाल्या बाईंनी तो डबा काट्यावर ठेवून पाहिला आणि बाहेरून लाल रंगाची खूण केली. मावशींनी हात जोडून डबा उचलला आणि पहिल्या दिवसापासून शिगोशीग भरून मका दिला. 'भरलेला' असं सांगितलं होतं, आणि भरलेला म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

अर्धी बंदी सरली तेव्हा शहरगावच्या शाळेत बैठक झाली. तळ्याभोवतालच्या सगळ्या वस्त्यांमधल्या मापणाऱ्या बायकांना बोलावलं होतं. संस्थेच्या एका टापटीप साहेबाने टेबलावर डबा ठेवला, मका ओतला आणि लाकडी पट्टी काठावरून सर्रकन ओढली. शीग टेबलावर पसरली.

"हा झाला भरलेला डबा," साहेब म्हणाले. "वरचं सगळं परत पोत्यात. वरचं देत बसलात तर शेवटचे आठवडे गोदामात उंदीरसुद्धा थांबणार नाहीत."

बायका हसल्या. मावशींच्या शेजारची म्हणाली, "मी तर पहिल्यापासून पट्टीच मारते बाई. नाहीतर पुरायचं कसं?"

परतल्यावर मावशी घरी न जाता आधी गोदामात गेल्या, पोत्यांच्या थप्पीसमोर उभ्या राहिल्या. कालपर्यंत हीच थप्पी भरभक्कम दिसत होती, आज ती नुसती खंगलेली वाटली. इतके आठवडे, इतकी घरं, आणि प्रत्येक डब्यावर एकेक शीग! देवा, मी काय करून बसले? यांनी चारचौघांत शब्द दिला आणि मी तो मूठमूठ करून वाटून टाकला. काळजी शिगेला पोचते म्हणतात ती ही.

तात्यांना सांगावं असं घरी गेल्यावर दोनदा जिभेवर आलं. तात्या दारात बसून जुनं जाळं विणत होते आणि सुनेला सांगत होते, "या खेपेला बघ, बंदी उठली की मासा जाळ्यात मावायचा नाही." मावशींनी शब्द गिळला. त्यांनी मनाशी ठरवलं, उरलेल्या आठवड्यांत हात आवरायचा. जे गेलं ते भरून काढायचं.

वाटपाच्या दिवशी त्या पट्टी घेऊनच बसल्या. पहिली आली मासळीवाली. बंदीमुळे तिची टोपली पालथी पडली होती, पण तोंड चालूच होतं. मावशींनी डबा भरला, डोळे मिटल्यासारखे केले आणि पट्टी ओढली.

"अगं बाई! मावशींनी मक्याची हजामत सुरू केली की काय?"

मागच्या बायका खिदळल्या. मावशी हसल्या नाहीत.

"नियम आहे गं."

"नियम काल जन्माला आला का? गेल्या आठवड्यापर्यंत तर नव्हता."

"पिशवी धर नीट. सांडेल."

"सांडायला वर काही ठेवलंय कुठे?"

होडी दुरुस्त करणाऱ्या सुताराची आई पुढे आली. तिने पिशवीत डोकावून पाहिलं आणि हळूच विचारलं, "मावशी, आमच्या सुनेचं काही बोलणं लागलं का तुम्हाला?" यापेक्षा तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मावशींना झालं. प्रत्येक डब्यागणिक पट्टी जड होत गेली. आईची चापट हातावर पुन्हा पुन्हा बसत होती. शेवटी त्यांनी स्वतःच्या घरचे डबेही तसेच सपाट मोजले आणि गोदामाला कुलूप लावलं.

पण बायका पिशव्या घेऊन घरी गेल्या तशी बातमीही गेली. मावशी हात आखडतात, याचा अर्थ वस्तीला एकच लागला. मका संपत आलाय. मावशी म्हणजे काय कंजूष बाई आहे? आत थप्पीच उरली नसेल. ऊन उतरायच्या आत दोघातिघांनी जाळी बाहेर काढून दोरीवर टाकली. एकाने होडीला डांबर लावायला घेतलं.

तात्या तळ्याकडून आले ते पाय न धुता तसेच घरात शिरले. हे त्यांच्या हातून कधी होत नसे.

"खरं सांग. मका संपतोय?"

मावशी चुलीपाशी होत्या. हातातली पळी तशीच राहिली.

"लोक मला विचारताहेत, पहिलं जाळं कधी टाकता तात्या. मी काय सांगू? अंडी आत्ता कुठे फुटताहेत. आठ दिवस जरी जाळी पडली तरी सगळं मुसळ केरात."

"अहो, चूक माझी आहे," मावशी म्हणाल्या, आणि मग थांबता येईना. शीग, साहेब, पट्टी, सगळं रडत रडत सांगितलं. "मला वाटलं भरलेला म्हणजे भरलेला!"

तात्या पागोट्याने घाम पुसावा तसा हातानेच कपाळ पुसत म्हणाले, "मलाही तसंच वाटलं असतं. चल, उठ. बाईंकडे जाऊ."

"आत्ता?"

"आत्ताच. उजाडेपर्यंत जाळी पाण्यात असतील."

धान्यवाल्या बाईंची खोली गोदामाला लागूनच होती. तात्या आणि मावशी निघालेले दिसले तसे लोक मागे लागले, आणि दाराशी पोहोचेपर्यंत पाठीमागे अर्धी वस्ती होती. बाई गेल्या वर्षापासून इथली भाषा शिकत होत्या. वेग चांगला होता, पण स्त्रीलिंग-पुल्लिंगाला त्या मान देत नसत.

मावशींनी कबुली दिली. शिगोशीग दिलं, पहिल्या आठवड्यापासून दिलं, शिक्षा करायची तर मला करा, पण पोरांचा मका थांबवू नका. बाईंनी ऐकून घेतलं, कपाळाला आठी घातली, किल्ली घेतली आणि सगळ्यांना घेऊन गोदामात आल्या. थप्पीभोवती एक चक्कर मारली. मागच्या बाजूची पोती हात लावून पाहिली.

"अर्धा बंदी झाला," बाई म्हणाल्या. "अर्धा मका आहे. उलट एक पोता जास्त आहे. ह्याच्यात रडणं कुठून आला?"

मावशींना आपण नीट ऐकलं असं वाटेना. "पण बाई, मी तर शीग…"

"हो, शीग. मला माहीत आहे शीग. भाऊजी मला शिकवला."

"कोण भाऊजी?"

"भाऊजी! पत्रेवाला!" बाईंनी गर्दीत बोट दाखवलं. मावशी दिराला हाक मारतात ते ऐकून ऐकून बाईंना तेच त्याचं नाव वाटलं होतं. गर्दीत हशा पिकला. भाऊजींची बायको पदराआड हसली, आणि भाऊजी मागच्या मागे सटकायच्या बेतात होते ते सापडले.

"ये पुढे," तात्या म्हणाले. "काय केलंस?"

भाऊजींनी मान खाजवली. "काही नाही दादा. डब्याचा काठ जरा उतरवला. दोन बोटं."

बाईंनी वजनकाटा ओढला. मावशींकडे डबा दिला आणि म्हणाल्या, "रोज जसं करता, तसं." मावशींनी डबा शिगोशीग भरला. काटा बरोबर ठरलेल्या वजनावर येऊन थांबला. मग बाईंनी स्वतः पट्टी ओढली, आणि काटा त्या वजनाच्या खाली गेला.

"वहिनी, लग्न होऊन आलात तेव्हापासून तुमच्या हातचं जेवतोय मी," भाऊजी म्हणाले. "पुरे म्हटल्यावर तुम्ही दोन वाढता, नको म्हटल्यावर चार. तुमच्या हाती सरळ डबा दिला असता तर अर्ध्या बंदीत गोदाम धुऊन काढावं लागलं असतं. मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, डबा लहान कशाला? मी म्हटलं, मापणारी मोठी आहे."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर, 'डबा लहान आहे, गरिबांना कमी पडेल' म्हणून तुम्ही शिगेवर आणखी शीग चढवली असती!"

आता मात्र सगळं गोदाम हसलं. मावशींना राग आला होता, तो तोंडापर्यंत येईतो हसूच झाला. बाई म्हणाल्या, "शहरातला साहेबला हा डबा माहीत नाही. माझी चूक. मी सांगायला पाहिजे होता."

तात्या दाराकडे वळले. एवढा वेळ ताठ असलेले त्यांचे खांदे उतरले होते. "ऐकलंत ना? काढलेली जाळी घरात घ्या. आणि ते डांबर लावणारे कोण, त्यांनी होडी आता पूर्णच रंगवून घ्यावी. वेळ भरपूर आहे." जाळीवाले माना खाली घालून हसत निघाले, पोरंबाळं त्यांच्या पुढे धावली.

मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात दुसराच हिशोब लागला होता.

"म्हणजे आज पट्टी मारून मी सगळ्यांना कमी दिलं."

"तरीच म्हटलं," मासळीवाली म्हणाली, "हजामत महागात पडली आपल्याला."

"घरी जाऊन भांडी आणा गं सगळ्या. ज्याची त्याची शीग घेऊन जा. आत्ताच्या आत्ता."

"अहो मावशी, पुढच्या आठवड्यात द्या, पळून का जातेय ती?"

"माझी झोप पळून जाते ना! आण म्हटलं की आण."

बाईंनी जास्तीचं पोतं स्वतः उसवून दिलं. वाट्या आल्या, पातेल्या आल्या, एकीने तर घाईत झाकणच आणलं. सुताराची आई आली तेव्हा मावशींनी तिच्या वाटीत मका ओतला आणि म्हणाल्या, "तुमच्या सुनेचं काही लागलं नव्हतं हो मला. गुणाची आहे पोर." म्हातारीने वाटी छातीशी धरली.

रांग सरत आली, तर शेवटी तात्या उभे. हातात तांब्या.

"तुमचं काय? घरचं घरी बघू."

"घरी कशाला? पट्टी मलाही बसलीय."

"लोक हसतात अहो."

"हसू देत. आज हसायचाच दिवस आहे."

मावशींनी तांब्या भरला. मग आणखी थोडं. मग काठावरून दाणे ओघळायला लागले, तेव्हा भाऊजी लांबून ओरडले, "वहिनी, पुरे!" मावशींनी मुद्दाम आणखी एक ओंजळ वर ठेवली आणि पुढची उचलली. देवाचे आभार मानायला हात जोडावेत असं त्यांच्या मनात आलं, पण दोन्ही हात मक्याने भरलेले होते. मग त्यांनी तसेच ते कपाळाला लावले, आणि चार दाणे केसांत अडकलेले घेऊन घरी गेल्या.