गारठलेली वाद्यं

माझ्या बायकोच्या मामांनी मला जितका मनस्ताप दिला, तितका आमचा फ्लॅट बांधणाऱ्या बिल्डरनेही दिलेला नाही. हे गृहस्थ विद्यापीठातल्या मुलांचा फुंकवाद्यांचा वाद्यवृंद चालवत. त्यात क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि माणसाच्या मांडीवर बसलेला एक अवाढव्य ट्युबा. नातेवाईक त्याला ‘मामांचा बँड’ म्हणत आणि असं म्हणणाऱ्याशी मामा वर्षभर बोलत नसत. माझ्या भावाच्या लग्नात तर त्यांनी भर रस्त्यात मिरवणूक थांबवली, बँडवाल्याच्या हातातलं क्लॅरिनेट घेतलं आणि सूर कसा लावायचा याची त्याला शिकवणी दिली. नवरदेव घोड्यावर घामाघूम, तिकडे गुरुजी मुहूर्त चालला म्हणून अस्वस्थ, आणि आमच्या घरचे सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू या मामांना मीच जन्माला घातलं होतं.

त्यांच्या निवृत्तीआधीचा शेवटचा कार्यक्रम मात्र मी विसरू शकत नाही, कारण तेव्हा मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने होतो. डिसेंबरातली संध्याकाळ, विद्यापीठाची उघडी हिरवळ. शेवटी मामा स्वतः रचलेली धून वाजवून घेणार होते. दोन वर्षं तिच्यामागे घालवली होती आणि त्यांच्यानंतर ती कुणी वाजवणार नव्हतं. फुंकवाद्य थंडीत गार पडलं की त्याचा सूर उतरतो, हे त्यांनी आयोजकांना चारदा लिहून कळवलं होतं. वाचतंय कोण? प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, वाऱ्याने विझलेल्या वातीचं पुन्हा प्रज्वलन, सत्कार, सत्काराला उत्तर. पाहुणे संगीताचं जीवनातलं स्थान सांगत राहिले आणि संगीत त्यांच्या पाठीमागे कुडकुडत बसलं. मध्येच मामांच्या खांद्यावर शाल घातली गेली. ती त्यांनी तिथल्या तिथे काढून ट्युबावर पांघरली. पाहुणे बोलायचे थांबले.

“गार ते पडलंय, मी नाही,” मामा म्हणाले. “आपलं चालू द्या.”

आणि पाहुण्यांनी खरोखरच चालू ठेवलं. दुसऱ्या धुनेनंतर ते उठले, त्यांच्यामागे निम्मे लोक उठले, उरलेले जेवणाच्या टेबलांकडे गेले. मामांची धून सुरू झाली तेव्हा समोर मी, माझी बायको आणि खुर्च्या उचलणारे दोघे. मामांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मुलं जीव ओतून वाजवत होती. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, तरी सूर खाली घसरलेला मलाही ऐकू आला.

संपल्यावर मामा मंचावरून उतरून सरळ माझ्यापाशी आले.

“जावईबापू, खरं सांगा. सूर उतरला होता का?”

“छे हो. अजिबात नाही.”

एरवी असल्या उत्तरावर त्यांनी मला चारचौघांत सोलून काढलं असतं. त्या संध्याकाळी त्यांनी नुसती मान हलवली आणि रुमालाने चष्मा पुसत राहिले. माझं धडधडीत चुकीचं उत्तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तसंच राहू दिलं, आणि त्यांच्यावर ही वेळ आणणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.