धर्माकाकांच्या राक्षसाचं धुकं

मी एका माणसाशी पंचवीस वर्षं खोटं बोलले.
आज सकाळी तो माणूस गेला.

धर्माकाका. कळव्याचे कोळी. गणपतीत मंडळांच्या देखाव्यांचे पडदे रंगवायचे.

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी नौपाड्यात एका डीटीपीच्या दुकानात ऑपरेटर. काका दर रविवारी यायचे आणि माझ्या कॉम्प्युटरवर माउसने चित्र काढत बसायचे. त्यांच्या पंजात माउस दिसायचाच नाही. मला आधी हसूच यायचं.

दोन महिने एकच चित्र. ओहोटीची खाडी, चिखलात बसलेला म्हातारा राक्षस. सगळीकडे धुकं. मागचा डोंगर म्हणजे नुसता अंदाज.

"काका, राक्षस आहे ना? मग भीती का नाही वाटत?"

"तो घाबरवायला नाय बसला गो. बायकोची वाट बगतोय. रुसून माहेरी गेलीय."

मग मला दिसलं. पडलेले खांदे, थकलेली मान. आणि त्या धुक्यात तो किती एकटा होता! चित्रातली हवा अंगाला लागते, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

कळलं, आणि तरी मी माती खाल्ली.

एका दिवाळी अंकाने ते चित्र कव्हरला घेतलं. फाइल प्रेसला पाठवायची होती. आमच्याकडे आलेला प्रत्येक फोटो आधी "साफ" करायचा. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, शार्पन. लग्नाचे फोटो करून करून हाताला सवयच झालेली.

मी त्याच सवयीने केलं. घाईत नीट बघितलंही नाही. सेव्ह करून टाकलं.

दुसरी कॉपी नव्हती.

प्रिंट आली. धुकं गायब, डोंगर लख्ख. राक्षस पासपोर्ट फोटोला बसल्यासारखा.

काकांनी त्या लख्ख डोंगरावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मशीनला धुकं नाय कलत गो."

दुकानाचे शेठ बाजूलाच उभे. नोकरी जाईल म्हणून माझी जाम तंतरलेली.

"हो ना काका," मी म्हटलं. "मशीनच तशी."

त्यांनी ते कव्हर छापू दिलं नाही. माउसला पुन्हा कधी हात लावला नाही.

मागच्या महिन्यात त्यांना भेटायला गेलेले. काका अंथरुणाला खिळलेले. तरी नातीच्या मोबाइलवर मला एक चित्र दाखवायचंच होतं त्यांना, कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलेला ड्रॅगन.

"बग, ढगात कसा बसलाय. अर्धा दिसत पण नाय, तरी कलतंय की दमलाय. मशीन सुधारली गो आता. तवा अशी असती, तर मी सोडलं नसतं."

तोंडाशी आलेलं सगळं. पण मी काय म्हणाले?

"हो काका. सुधारली."

काका, मशीन तेव्हाही चांगली होती. तुमचं धुकं मी पुसलं.

माफ करा. नमस्कार करते.